आवाज आधी सांगायचा

आमच्याकडे कामाचा फोन आला की पलीकडचा माणूस बहुतेक वेळा घाबरलेला असतो. "लिफ्टवाले काका आहेत का?" असं तो एका दमात विचारतो आणि मी शिलाई मशीनवरून उठून यांना हाक मारते. हे जेवत असले तर हात धुतात, आडवे झाले असले तर चष्मा शोधतात, आणि फोन कानाला लावून पहिला प्रश्न विचारतात, "आत कोण आहे?" लिफ्ट कुठली, कुठल्या मजल्यावर अडकली, हे सगळं नंतर.

यांचं काम मी एकदाच जवळून पाहिलं. मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या बाह्या आखूड करून द्यायला निघाले होते, यांना त्याच इमारतीतून बोलावणं आलं म्हणून दोघं बरोबर गेलो. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली होती. आत एक बाई आणि एक कॉलेजातला मुलगा. बाई दार बडवत होत्या. हे जिन्यात गुडघे टेकून बसले, दाराच्या फटीला तोंड लावलं आणि म्हणाले, "मावशी, मी आलोय. आज काय जेवलात?"

"मी इथे गुदमरतेय आणि तुम्ही जेवणाचं काय विचारताय?"

"चिडलात ना, मग श्वास नीट चाललाय. आता ऐका. मी वर गच्चीवरच्या खोलीत जाणार. तिथून तुम्हाला माझा आवाज येणार नाही, म्हणून काय काय होईल ते आत्ताच सांगून ठेवतो. आधी दिवा जाईल. तो मीच घालवलेला असेल. मग डोक्यावर खट्ट वाजेल, तो ब्रेक सुटल्याचा आवाज. मग लिफ्ट हिसके देत खाली सरकेल. ते हिसके माझ्या हाताचे. ज्या क्रमाने सांगितलं त्याच क्रमाने होणार."

तसंच झालं. बाई घामाघूम होऊन बाहेर आल्या, पण रडल्या नाहीत. मग यांनी त्या मुलाला विचारलं, बंद पडायच्या आधी कसला आवाज आला होता? तो कानातला हेडफोन काढून म्हणाला, "माहीत नाही, लक्ष नव्हतं." बाईंनी मात्र अथपासून इतिपर्यंत सांगितलं. आधी घासल्यासारखं झालं, मग उजव्या बाजूला टकटक, मग एकदम गप्प. यांनी त्यांचे आभार मानले आणि सरळ उजव्या बाजूचं दाराचं कुलूप उघडायला घेतलं.

"घाबरलेल्या माणसाचे कान फार तयार असतात," परत येताना हे मला म्हणाले. "ज्याला भीती वाटत नाही त्याला काही ऐकूच येत नाही. दोष शोधायचा असला की मी आधी सगळ्यात घाबरलेलं माणूस गाठतो."

असा हा माणूस. इमारतीच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरीत, लिफ्टच्या टपावर उभा राहून निवांत शीळ घालणारा. आणि विमानाचं नाव काढलं की याच माणसाच्या तोंडचं पाणी पळतं. लग्न ठरताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी लग्न केलंच असतं, पण निदान आधी पोटभर हसून घेतलं असतं.

"मला उंचीची भीती नाही," हे म्हणायचे. "लिफ्ट दोरांना लटकलेली असते. ते दोर मी बघितलेले असतात. एक तुटला तर बाकीचे आहेत. सगळे तुटले तर खालून रुळाला पकडणारा चिमटा आहे, तो मी स्वतः तपासतो. विमान कशाला लटकलंय ते सांग."

"हवेला," मी म्हणायचे.

"आणि हवा कोण तपासतं?"

कंपनीने एकदा नव्या मशीनचं काम शिकायला यांना परदेशी पाठवायचं ठरवलं, तर ऐन वेळी पाठीत उसण भरली. बदली माणसाचं विमान उडालं आणि उसण पळाली. त्या दिवशी मी यांना चहा हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला. हे मुकाट्याने उठून घेऊन आले.

ही थट्टा जन्मभर चालली असती, ताई नसत्या तर.

ताई म्हणजे यांची थोरली बहीण, माझी नणंद. मीही त्यांना ताईच म्हणते. सासूबाई गेल्या तेव्हा हे शाळेतही जात नव्हते आणि ताईंचं कॉलेज नुकतं सुरू झालं होतं. त्यांनी ते सोडलं आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी धरली. दिवसभर अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून द्यायच्या आणि घरी येऊन धाकट्याची वेणीफणी सोडून बाकी सगळं करायच्या. वेणीफणीही केली असती, पण याचे केस मुळातच विरळ, असं त्याच सांगतात. भाऊ कामाला लागल्यावर त्यांनी लग्न केलं आणि नवऱ्याच्या नोकरीमागे समुद्रापलीकडच्या देशात गेल्या. तिथे रेल्वे जात नाही, बस जात नाही. बोट जाते का याची यांनी चौकशी केली होती. मालवाहू बोट जात होती, पण ती माणसं घेत नव्हती.

तेव्हा ताईच यायच्या. एखाद-दोन वर्षांनी, न चुकता. त्या यायच्या दिवशी हे विमानतळावर कितीतरी आधी जाऊन कठड्याला टेकून उभे राहायचे. मी म्हणायचे, अहो, अजून तिकडून निघाल्याही नसतील. मग कधीतरी काचेचं दार सरकायचं आणि ताई बाहेर यायच्या. केस नीट बसवलेले, चेहरा हसरा, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "धाकट्या, वाळलास." घरी आल्या की दिवसभर झोपायच्या. प्रवासाचा शीण, आम्ही म्हणायचो.

आणखी एक गोष्ट ठरलेली होती. ताईंना माझ्या हातचे रुमाल आवडायचे. दर खेपेला मी चार रुमाल शिवून द्यायचे, बारीक टाक्यांची कड घालून. पुढच्या खेपेला त्या यायच्या तेव्हा हातातल्या रुमालाची कड उसवलेली असायची, दोरे लोंबत असायचे. "काय करता काय ताई या रुमालांचं?" मी विचारायचे. "तुझा दोरा कच्चा आहे," त्या म्हणायच्या. मी दोरा बदलला, टाका बदलला, दुहेरी शिवण घातली. कड उसवलेलीच. शेवटी मी समजून चालले की बाई मुळातच धांदरट आहे.

मग ताईंचे यजमान गेले. एकाएकी, बसल्या जागी. यांनी त्याच दिवशी तिकीट काढलं. मी बॅग भरली, विमानतळापर्यंत बरोबर गेले. काचेच्या दारापर्यंत हे ताठ चालले आणि तिथे थांबले. लोक दोन्ही बाजूंनी जात राहिले. यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता आणि ओठ पांढरे पडले होते. "मला जमत नाही गं," एवढंच म्हणाले. मी यांचा हात धरला आणि आम्ही घरी परत आलो. त्यानंतर कितीतरी दिवस हे शीळ घालत नव्हते. फोनवर ताईंशी बोलायचं टाळत होते.

महिना उलटला आणि ताई स्वतःच आल्या. नवरा त्यांचा गेलेला, आणि समजूत काढायला त्या आल्या. एकट्या, विमानाने. दारातून बाहेर आल्या, थोड्या खंगलेल्या, पण तेच वाक्य, "धाकट्या, वाळलास." हे लहान मुलासारखे रडले. ताईंनी यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "त्यात काय एवढं? मला आवडतं विमानात बसायला. खिडकीतून ढग दिसतात."

आता या वर्षी भाचीचा फोन आला. ताई आपल्या या लेकीकडेच राहतात. "मामा, आईची फुप्फुसं थकलीत. डॉक्टरांनी विमानप्रवास कायमचा बंद सांगितलाय. घरातसुद्धा नळी लावून असते." मग म्हणाली, "ती काही म्हणत नाही. पण तू येशील का?"

यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ खिशातल्या टेस्टरचं टोपण काढत-घालत बसले. आता ताई येणार नव्हत्या. हे गेले नाहीत तर भेट नव्हती, आणि पुढच्या वर्षीवर ढकलण्यासारखं काही उरलं नव्हतं. "तू बरोबर येशील ना?" यांनी विचारलं. मी म्हटलं, मी नाही तर कोण, तुमचे लिफ्टचे दोर?

पण काचेचं दार माझ्याही डोळ्यांपुढे होतं. घरात दोन दिवस कोणी विमानाचा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी हे जेवताना म्हणाले, "मला काय होतं सांगू? आवाज होतील आणि ते कसले हे कळणार नाही. मी लिफ्टमधल्या माणसाला निदान आधी सांगून जातो. मला कोण सांगणार?"

भाचीला विचारलं, ती कामानिमित्त सारखी उडत असते. "आवाज?" ती म्हणाली. "मामा, मला नाही आठवत कसले आवाज. मी बसले की झोपते." तिच्या मागून ताईंचा बारीक आवाज आला. "दे इकडे. मी सांगते."

मग रोज सकाळी ताईंचा फोन यायचा. त्यांना सलग बोलता यायचं नाही, दोन वाक्यं झाली की दम लागायचा. हे फोन टेबलावर ठेवून समोर बसायचे, मी बाजूला इस्त्री करत ऐकायचे.

"दार लागलं की कानात दडा बसल्यासारखं होईल," ताई सांगायच्या. "मग पायाखाली करवत चालवल्यासारखा आवाज येतो. खर्र खर्र. कोणी काही कापत नसतं. तो नेहमीचाच आहे. मग पंखाकडून घुंई असं. पंखाची पाती बाहेर येतात त्याचं." दम. "पळायला लागलं की डोक्यावरची कपाटं थडथडतात. पाठ खुर्चीला चिकटते. मग थडथड एकदम थांबते, म्हणजे जमीन सुटली. त्यानंतर लगेच खाली धाड असं वाजेल. चाकं पोटात घेतली. तेव्हा दचकायचं नाही."

"बरं," हे म्हणायचे, एखाद्या शाळकरी मुलासारखे.

"आणि सगळ्यात वाईट म्हणजे, थोडं वर गेलं की इंजिनाचा आवाज उतरतो. वाटतं, बंदच पडलं. खाली चाललो. तसं नसतं रे. जोर कमी लागतो म्हणून कमी करतात. लगेच टिंग अशी घंटा वाजते. ती वाजली की झालं म्हणायचं."

सगळा प्रवास त्यांनी असा तुकड्यातुकड्याने सांगितला. मध्येच हवा खराब लागली की कुठल्या फळ्या कुरकुरतात ते, उतरताना वारा कसा घोंघावतो ते. हे मनातल्या मनात घोकायचे. अंघोळ करताना आतून खर्र, घुंई, धाड असं ऐकू यायचं. शेजारच्या काकूंनी मला हळूच विचारलं, सगळं ठीक आहे ना?

निघायच्या दिवशी काचेच्या दाराशी हे पुन्हा थांबले. यांनी डोळे मिटले, ओठ हलले, आणि डोळे न उघडताच आत पाऊल टाकलं. दार आपोआप सरकलं. "हे दार नीट बसवलंय," आत गेल्यावर म्हणाले. तपासणीच्या जागी छातीच्या खिशातला टेस्टर काढून घेतला तेव्हा मात्र चेहरा पडला. तो टेस्टर खिशात असतो हे यांना आठवतच नाही, इतका तो अंगाचा झालेला. पुढे सगळा वेळ हात खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

विमानाच्या दारात तर भलतंच. हे चौकटीवर वर-खाली काहीतरी शोधायला लागले. मागे रांग खोळंबलेली.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"पाटी. किती माणसं, किती वजन, शेवटची तपासणी कधी. लावायलाच हवी."

दारातली हवाई सुंदरी आमची मुलगी शोभेल अशा वयाची. तिने हसू दाबलं आणि म्हणाली, "काका, सगळं तपासलंय."

"तुम्ही बघितलंत?"

तिने क्षणभर विचार केला. "मी रोज यातच बसते, काका."

हे उत्तर यांना पटलं. दुरुस्ती झाल्यावर लिफ्टची पहिली फेरी हेही स्वतःच मारतात. मान डोलावून आत गेले आणि खुर्चीचा पट्टा इतका घट्ट केला की मला तो सैल करावा लागला.

दार लागलं. कानात दडा बसला. पायाखाली खर्र खर्र सुरू झालं आणि यांनी माझ्याकडे पाहिलं. "करवत," मी म्हटलं. "करवत," हे म्हणाले. मग घुंई. मग विमान पळायला लागलं आणि यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. थडथड थांबली. खाली धाड वाजलं. "चाकं," हे पुटपुटले. डोळे गच्च मिटलेले, कपाळावर घाम, पण ओठ पुढचं म्हणत होते. मग इंजिनाचा आवाज खरंच उतरला. मीसुद्धा हादरले. आणि टिंग.

यांनी डोळे उघडले. मला वाटलं, सुटले. पण हे समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिले आणि यांच्या चेहऱ्यावर काहीतरी निराळंच आलं.

"अगं," हे म्हणाले, "सगळं त्याच क्रमाने झालं. एक आवाज चुकला नाही."

"किती वेळा आल्यात ताई. पाठच झालं असणार."

"भाची ताईपेक्षा जास्त वेळा उडते. तिला एक आवाज सांगता आला नाही." यांचा हात रिकाम्या खिशाशी गेला आणि तिथेच थांबला. "ज्याला भीती वाटत नाही त्याला ऐकू येत नाही गं. ताईला सगळं ऐकू आलंय. दर वेळी."

मला ताईंच्या हातातला रुमाल आठवला. दुहेरी शिवण, पक्का दोरा, आणि तरी उसवलेली कड. इतकी वर्षं शिवणकाम करते मी, आणि बोटांनी उसवलेली कड मला ओळखता आली नव्हती. नवरा गेल्यावर महिन्याभराने ताई एकट्या अशाच खुर्चीत बसून आल्या होत्या, रुमालाचा एकेक टाका ओढत, आणि दारातून बाहेर येऊन म्हणाल्या होत्या की ढग दिसतात. मला रडू आवरेना. हे मात्र रडले नाहीत. खिडकीची झडप यांनी स्वतः वर केली आणि बराच वेळ बाहेर बघत राहिले. "ढग आहेत खरे," एवढंच म्हणाले.

बाकीचा प्रवास सोपा झाला असं नाही. हवा खराब लागली तेव्हा फळ्या कुरकुरल्या आणि हे पांढरेफटक पडले. पण यांनी पुढचा आवाज मला आधी सांगायला सुरुवात केली. मी विचारलं नव्हतं. आपल्याला कोणीतरी सांगितलेलं पुढे सांगत बसले होते, आणि मी हुं हुं करत होते.

भाची आम्हाला न्यायला आली होती. गाडीत म्हणाली, "तुम्ही हवेत होतात तेवढा वेळ आई खुर्चीतून उठली नाही. जेवलीसुद्धा नाही."

ताई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. नाकाशी नळी, केस मात्र नीट बसवलेले. किती बारीक झाल्या होत्या. मांडीवर माझाच एक रुमाल होता, चारही कडा सुटलेला. हे आत आले आणि खुर्चीपाशी जमिनीवरच बसले.

"ताई, वाळलीस," हे म्हणाले.

ताई हसल्या. दम लागला, तो ओसरू दिला. "आवाज बरोबर होते का रे?"

"सगळे. तू मला कधी सांगितलं नाहीस."

"काय?"

"तुला भीती वाटायची ते."

ताई रुमालाकडे बघत राहिल्या. "दोघंही घाबरून घरी बसलो असतो," त्या म्हणाल्या, "तर भेटलो कधी असतो?"

यांनी त्यांचा हात हातात घेतला. म्हणाले, "पण एक आवाज राहिला तुझा. सगळ्यात मोठा तोच."

"कुठला?"

"शेवटचा. चाकं जमिनीला लागतात तो. धाडकन. आणि मग केवढी घरघर. मी खुर्चीतून उडालोच, हिला विचार."

ताईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या खरोखर आठवू लागल्या, एकेक करून मागचे सगळे प्रवास. मग मान हलवली.

"त्याला आवाज होतो?" त्यांनी विचारलं. "मला नाही बाई कधी ऐकू आला. तोवर तू दिसायची वेळ झालेली असायची."

यांनी मान खाली घातली आणि ताईंच्या गुडघ्याला कपाळ टेकलं. ताईंचा हात यांच्या विरळ केसांवरून फिरत राहिला. मी त्यांच्या मांडीवरचा रुमाल उचलला आणि सुई-दोरा मागायला आत गेले.